खाडी की समुद्र? गॅल्व्हेस्टनचा रेडफिश
टेक्सासच्या गॅल्व्हेस्टन आयलंड स्टेट पार्कला दोन किनारे आहेत. एकीकडे मेक्सिकोचं आखात, दुसरीकडे वेस्ट बेची उथळ खाडी. रेडफिश हा मासा दोन्हीकडे गळाला लागतो, म्हणून आमच्या घरात वाद.

हिला खाडी प्रिय. गुडघाभर पाण्यात, गवताच्या कडेनं दबकत चालायचं. मासा डोकं खाली घालून खेकडे टिपत असला की शेपटी पाण्याबाहेर येते आणि तिच्या बुंध्याजवळचा काळा ठिपका दिसतो. गळाचा सोनेरी चमचा (चमच्यासारखं चकाकणारं धातूचं आमिष) त्याच्या थोडा पुढे टाकायचा. अंगावर पडला, तर मागे नुसता गढूळ लोट उरतो. पावलं घासत टाकायची, तळाशी पाकट असतात.

माझा कल समुद्राकडे. सप्टेंबर ते नोव्हेंबर मोठे मासे किनाऱ्यालगत येतात. बोयचा तुकडा, जड शिसं, वाळूत रोवलेला रॉड आणि खुर्ची. (हिच्या मते ही मासेमारी नव्हे, वामकुक्षी!)

पण कालवणाचा विचार केला तर हिचंच बरोबर. इथे २० ते २८ इंचांचेच मासे ठेवता येतात, माणशी दिवसाला ३, आणि त्या मापाचे खाडीतच जास्त. समुद्रातले धूड बहुधा २८च्या वर. मासेमारीच्या लायसन्ससोबत मिळणारा टॅग माशाला लावल्याशिवाय ते नेता येत नाहीत. शिवाय मांसही राठ. मी तर सोडूनच देतो.

हिवाळ्यात उत्तरेचा जोरदार वारा सुटला, की खाडीचं पाणी ओसरून चिखल उघडा पडतो. त्या दिवशी मात्र बाईसाहेब मुकाट माझ्या बाजूला खुर्ची मांडतात.