कानात नाडीचा आवाज: एमआरआय पुरे, की डीएसए करायची?

कोथरूडच्या आमच्या आत्याला उजव्या कानात नाडीच्या ठेक्यावर ‘फुस्स-फुस्स’ ऐकू यायचं, रात्री उशीवर डोकं टेकलं की जास्तच. ऑडिओग्राम (ऐकण्याची चाचणी) नॉर्मल, साधा एमआरआयही नॉर्मल. ‘वयोमानानं होतं’ ऐकत आठ महिने गेले. मग एका न्यूरोसर्जननी तिच्या कानामागे स्टेथोस्कोप लावला आणि तो आवाज त्यांनाही ऐकू आला. निदान निघालं ड्युरल एव्ही फिस्टुला: मेंदूभोवतीच्या जाड आवरणातली धमनी थेट शिरेला जोडली जाणं.

एमआरआयवर थांबायचं की डीएसए, म्हणजे नळी घालून रक्तवाहिन्यांचं चित्रण, करायची, हा प्रश्न तुमच्यापुढेही असेल, तर आमचा अनुभव असा.

सीटी अँजिओ काही मिनिटांत होते. अचानक असह्य डोकेदुखी किंवा रक्तस्रावाची शंका असेल, तर आधी सीटीच. पण किरणोत्सर्ग आहे, आयोडीनचा डाय (रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून टोचतात तो द्रव) आहे, आणि कवटीच्या हाडालगतचा बारीक फिस्टुला निसटू शकतो.

एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नाही, मेंदूची सूज आणि जुना रक्तस्रावही दिसतो. मात्र फॉर्मवर नुसतं ‘ब्रेन’ नको. डॉक्टरांकडून ‘एमआर अँजिओ, एसडब्ल्यूआय, फिस्टुलाची शंका’ असं लिहून घ्या (एमआर अँजिओत रक्तवाहिन्या दिसतात, एसडब्ल्यूआयमध्ये शिरा आणि रक्तस्रावाच्या खुणा). आत्याच्या पहिल्या फॉर्मवर हे नव्हतं, याची मला आजही हळहळ वाटते. आणि हे सगळं करूनही रिपोर्ट नॉर्मल आला, तरी फिस्टुला नाहीच असं ठरत नाही.

शेवटचा शब्द डीएसएचा. जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी घालून डाय सोडतात आणि रक्त कुठून कुठे जातंय ते क्षणाक्षणाला दिसतं. ते मेंदूच्या पृष्ठभागावरच्या शिरांमध्ये उलटं शिरतंय का, हा कळीचा मुद्दा. १९९५ साली आलेली बोर्डेन आणि कोन्यार ही फिस्टुलाची दोन्ही वर्गीकरणं त्यावरच उभी आहेत, कारण तसं असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. आवरणाला रक्त मुख्यतः एक्स्टर्नल कॅरोटिड या मानेतल्या धमनीच्या फांद्यांतून मिळतं; त्या दोन्ही बाजूंच्या तपासणार ना, हे आधीच विचारा. तिन्हींत हीच महाग. पक्षाघाताचा धोका थोडा, पण खरा. डाय द्यायचा असल्यानं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्तचाचणी) तपासून घ्या, मधुमेहाच्या गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना सांगा.

माझं मत स्पष्ट आहे: आवाज नाडीबरोबर चालत असेल आणि स्टेथोस्कोपनं डॉक्टरांनाही ऐकू येत असेल, तर नॉर्मल एमआरआयवर थांबू नका. डीएसए करणारे न्यूरोइंटरव्हेन्शनिस्ट (नळीवाटे मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर उपचार करणारे डॉक्टर) पुण्यातच आहेत. जाताना जुन्या तपासण्यांचे नुसते रिपोर्ट नेऊ नका, सीडीही न्या. आत्याच्या त्या ‘नॉर्मल’ सीडीत ट्रान्सव्हर्स सायनसजवळ (डोक्याच्या मागच्या भागातली मोठी शीर) एक जाडसर धमनी आधीपासूनच दिसत होती.