स्वेडयेहामनची सहल: समुद्र मागे हटतो ते गाव

तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. हिमयुग संपल्यावर जमीन वर उचलली गेली, हे फळ्यावर कितीदा लिहिलं असेल. यंदा लेकीकडे फिनलंडला गेले आणि जावयांनी माझ्यासाठी क्वार्केन द्वीपसमूहाची, म्हणजे फिनलंड आणि स्वीडनमधल्या समुद्रातल्या बेटांची, गाइडसह सहल ठरवली. तिथे जमीन अजूनही वर येतेय. थोडं चालणं आणि मग होडी. कुणी तिकडे जाणार असेल तर जरूर घ्या.

वासा शहरातून निघून रेप्लोटचा लांब पूल ओलांडायचा आणि ब्यर्कोबी गावाच्या पुढे स्वेडयेहामन बंदर गाठायचं. पाण्याकाठी करड्या लाकडाच्या होड्यांच्या खोपी आहेत. जवळच साल्टकारेत नावाचा वीस मीटर उंच लाकडी मनोरा आहे. माझे गुडघे दुखतात, तरी चढले. वरून पाण्यात एकापुढे एक समांतर बांध दिसतात, थेट आपल्या सरी-वरंब्यासारखे. मागे हटणाऱ्या बर्फाच्या कडेला साचलेले हे दगडमातीचे ढीग.

माझं मन अडकलं ते मात्र एका जुन्या खोपीपाशी. दारासमोर गुडघाभर गवत, बाजूला बर्च, आणि खांबाला होडी बांधायची गंजलेली लोखंडी कडी. गाइड तिथलीच. म्हणाली, आजोबा इथूनच होडी काढायचे. कडीला हात लावून मी हिशेब केला. इथे जमीन वर्षाला आठ-नऊ मिलिमीटर वर येते. माझं वय बासष्ट, म्हणजे माझ्या जन्मापासून अर्धा मीटर! किनारा इतका उथळ की तेवढ्यानं समुद्र कुठच्या कुठे जातो. या द्वीपसमूहात दर वर्षी साधारण एक चौरस किलोमीटर नवी जमीन उघडी पडते. ती कुणाची, हे मी लगेच विचारलं. ज्यांच्या मालकीचं पाणी, त्यांचीच जमीन, आणि पाणी बहुतेक गावकीचं सामाईक.

तीन किलोमीटर जाडीच्या बर्फानं हा भाग दाबून ठेवला होता. घट्ट काकवीवर वाटी दाबून धरली की काकवी कडेला सरते, वाटी उचलली की सावकाश परत येते. बर्फ जाऊन दहा हजार वर्षं झाली, तरी खालचा खडक अजून परततोच आहे.

होडीतली गोष्ट त्याहून मोलाची. मी विचारलं, ग्रीनलंडचं बर्फ वितळतंय, मग तुमचाही समुद्र चढणार ना? ती म्हणाली, चढतोच आहे, पण जमीन त्याहून वेगानं वर येते. शिवाय बर्फाचा प्रचंड ढीग आपल्या गुरुत्वाकर्षणानं समुद्राचं पाणी स्वतःकडे ओढून धरतो. ढीग घटला की ते पाणी दूर सरतं. म्हणून ग्रीनलंडच्या भोवती पातळी उतरते आणि लांबच्या किनाऱ्यांवर जास्त चढते. लांबचे म्हणजे भारतातले आमचेही, मी मनात म्हटलं! आमच्या गावची सुरूची पुढली रांग समुद्रानं नेली, धूपप्रतिबंधक बंधारा घातला तरी दरवर्षी भीती असतेच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं काही न बोलता थर्मासमधली कॉफी पुढे केली.

तक्रार एकच, पण मोठी. होडी पाऊण तास उशिरा सुटली आणि आयोजकांकडून कुणी काही सांगितलं नाही. माइकही बंद होता, त्यामुळे मागच्या बाकावरच्यांना इंजिनाच्या आवाजात काहीच ऐकू आलं नाही. मी पुढे बसले म्हणून एवढं कळलं. तुम्हीही पुढेच बसा. डासांचं मलम आणि कानटोपी ऑगस्टातही न्या.

परतताना जुन्या वासाला थांबा. तिथलं बंदर उथळ होत गेलं, 1852 मध्ये शहर जळालं, आणि 1862 मध्ये नवं शहर सहा-सात किलोमीटर पुढे समुद्राकाठी वसवलं. जुन्या चर्चच्या भिंती उभ्या आहेत. तिथे उभं राहून मी चारी बाजूंना समुद्र शोधला. झाडंच दिसली.