बेल्टच्या डब्यात पाणी: स्नॉर्कल लावावा की तळाला कॉक?

पाण्यातून बाहेर पडल्यावर इंजिन ओरडतंय आणि एटीव्ही (जाड टायरची, चिखल-दगडांत चालवायची चारचाकी) मात्र जागची हलत नाही, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांकडे नेणारा बेल्ट भिजलाय, हे ज्यांना वेगळं सांगावं लागत नाही त्यांच्यासाठी हे लिहितोय. (गिअरबॉक्सवर चालणाऱ्या गाड्या, म्हणजे होंडाच्या बऱ्याचशा एटीव्ही, ज्यांच्याकडे आहेत त्यांना ही भानगडच नाही.) मार्ग मुख्यतः दोन. सीव्हीटीच्या, म्हणजे डब्यातल्या बेल्ट-पुलीच्या यंत्रणेच्या, हवा आत घेणारी आणि बाहेर सोडणारी अशा दोन्ही नळ्या स्नॉर्कल (उंच जोडनळ्या) लावून वर न्यायच्या, किंवा पाणी शिरणार हे धरून चालायचं आणि डब्याच्या तळाच्या बुचाऐवजी हाताने फिरवता येईल असा कॉक बसवायचा. मी आधी पहिला मार्ग धरला होता, आता दुसऱ्यावर आहे.

कव्हरच्या कडेने सिलिकॉन फासणं हा तिसरा उपाय बरेच जण सुचवतात. पुढच्या वेळी कव्हर उघडताना आणि ते खरवडून काढताना त्याची किंमत कळते. असो.

स्नॉर्कलचा मोठा गुण म्हणजे निर्धास्तपणा. इंजिन चालू असताना पुलीची पाती पंख्यासारखी हवा बाहेर ढकलत असतात, म्हणून पाण्यात असतानाही डबा बऱ्यापैकी तग धरतो. खरी पंचाईत होते ती मध्येच इंजिन बंद पडल्यावर. हवेचा जोर संपतो आणि हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून पाणी सरळ आत येतं. नळ्यांची तोंडं हँडलपर्यंत उंच असली की हा धोका जवळपास जातो. फक्त इंजिनाची हवेची नळीही तेवढीच वर न्यायला हवी. नाहीतर बेल्ट कोरडा राहील आणि पाणी सिलिंडरमध्ये जाईल. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग बेल्टची काळजी करायला गाडीच उरत नाही.

माझं मन उडालं ते मात्र वेगळ्याच कारणाने. सीव्हीटीची गरम हवा सोडणारी नळी एरवी सीटखाली किंवा मागे कुठेतरी तोंड उघडते, आपल्याला पत्ताही नसतो. स्नॉर्कल लावला की तेच तोंड आपल्या छातीसमोर येतं. बेल्टची शीळ सतत कानात, आणि हळूहळू चढ चढताना गरम रबराचा वास थेट नाकात. आवाजाची सवय झाली, तक्रार वासाची आहे. बेल्ट घसरून जळायला लागला की पहिली खूण वासच असते, आणि स्नॉर्कलमुळे तो वास थोडाफार कायमच येत राहतो. काही दिवसांनी नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. काही अनुभवी मंडळी उलट म्हणतात, की वास जवळ आल्याने इशारा लवकर मिळतो. त्यांचं नाक माझ्यापेक्षा तिखट असेल. शिवाय नळी लांब आणि वळणं जास्त, त्यामुळे हवा कमी खेळते. मी तापमान मोजलेलं नाही, पण कव्हरला हात लावल्यावर ते आधीपेक्षा जास्त तापलेलं वाटायचं, एवढं नक्की.

कॉकचं काम त्या मानाने साधं. सपाट जागी थांबायचं, कॉक उघडायचा, पाणी गळू द्यायचं. मग न्यूट्रलमध्ये इंजिनाची रेस कमी-जास्त करत राहायची, पुलीच उरलेलं पाणी उडवून लावते. फुल रेस धरून ठेवायची नाही. नंतर लो गिअरमध्ये अलगद पुढे घेऊन बघायचं. बेल्ट अजून घसरत असेल तर पुन्हा तेच. ओल्या बेल्टवर जोर लावून गाडी ओढलीत तर तो एका जागी घासून गुळगुळीत होतो, मग कोरडा असला तरी नीट पकडत नाही. मूळ बूच असतानाही हे सगळं करता येतं, पण चिखलात आडवं होऊन, सायलेन्सरचे चटके चुकवत ते काढायचा कंटाळा येतो. कंटाळा आला की माणूस तसाच पुढे निघतो.

गढूळ पाण्याला मात्र कॉक पुरत नाही. पाणी जातं, गाळ पुलीवर बसून राहतो. त्या दिवशी कव्हर उघडून पुली आणि बेल्ट साध्या पाण्याने धुऊन वाळवण्याला पर्याय नाही. तेलकट स्प्रे अजिबात मारू नका.

पण हे स्नॉर्कललाही चुकत नाही. नळीचा एखादा जोड सैल झाला किंवा कव्हरचं गास्केट दबलं की पाणी आत येतंच, आणि त्याला बाहेरची वाट तळातूनच असते. म्हणजे स्नॉर्कलवाल्यालाही तळाची सोय लागतेच, कॉकवाल्याचं स्नॉर्कलवाचून सहसा अडत नाही. ज्यांचं रोजचं जाणं-येणंच सीटला टेकणाऱ्या पाण्यातून आहे, त्यांनी मात्र माझं न ऐकता तिन्ही नळ्या वर न्याव्यात.

कॉक घेताना आधी बूच आट्यांचं आहे की दाबून बसवलेलं रबरी, ते पाहून घ्या. दांडा छोटा असावा आणि बंद असताना मागे वळलेला राहावा, म्हणजे वाटेतल्या दगडाने तो उघडणार नाही.