थोरली बोलकी, धाकटा अबोल

माझ्या थोरल्या लेकीच्या मनात काही राहत नाही. आनंद, राग, ऑफिसातली कटकट, सगळं त्याच दिवशी फोनवर कळतं. निर्णय ती झटकन घेते आणि पटला नाही तर तितक्याच झटकन बदलते. धाकटा नोकरी बदलल्याचं नव्या जागी रुजू झाल्यावर सांगतो! मी आजारी पडले की थोरली लांबून डॉक्टरांशी बोलून सगळी व्यवस्था लावते. धाकटा न बोलावता येतो आणि मुकाट्याने औषधांच्या वेळा सांभाळतो. मला दोघंही हवे असतात.

एकाच घरात इतका फरक कसा, असं लोक विचारतात. पण आईवडिलांकडून मिळणारा जनुकांचा वारसाही सख्ख्या भावंडांत सरासरी निम्माच सारखा असतो. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञांनी न्यूयॉर्कमध्ये १९५६ साली तान्ह्या मुलांपासून सुरू केलेल्या दीर्घ अभ्यासात स्वभावाचे ९ पैलू मांडले. नव्या माणसाकडे मूल झेपावतं की मागे सरतं, हा त्यातला एक. माझ्या दोघांत तो फरक रांगायच्या वयातच दिसत होता. मुलाचा स्वभाव आणि भोवतालच्या अपेक्षा यांचा मेळ बसणं महत्त्वाचं, असं थॉमस आणि चेस यांचं म्हणणं. मला ते मनापासून पटतं.

थोरलीशी बोलणं सोपं, तिला फक्त ऐकणारं कुणी लागतं. धाकट्याला थेट प्रश्न विचारला की तो मिटतो. त्याच्यासोबत काही काम करत राहिलं, की मग हळूहळू स्वतःहून बोलायला लागतो.