झाकणावर ६३, आत अडीच

गेल्या गणेशोत्सवात आमच्या मंडळाला एक फिरती डीबी, म्हणजे वीज वाटून देणारा सॉकेटांचा बॉक्स, विकून फसवण्यात आले. मंडप, लग्न, जत्रा किंवा बांधकाम यांसाठी असा तयार बॉक्स जे विकत घेणार वा भाड्याने आणणार असतील, त्यांनी पैसे देण्यापूर्वी हा अनुभव वाचावा, एवढ्यासाठी तो लिहून ठेवत आहे.

मंडळाचा जमाखर्च माझ्याकडे असल्यामुळे खरेदी मीच केली. महावितरणकडून तात्पुरती जोडणी मिळाली होती आणि फळीवर ठोकलेल्या सॉकेटांऐवजी या वर्षी तरी नीट बंदिस्त बॉक्स वापरावा, असे आमचे ठरले होते. शहरातील एका दुकानदाराने पत्र्याचा, रंगवलेला, वर मूठ असलेला बॉक्स दाखवला. झाकणावर ठळक अक्षरांत ‘६३ अँपिअर’ असे लिहिलेले होते. सोबत तीस मीटर केबल होती आणि ती ‘दहा स्क्वेअर एमएम’ची, म्हणजे आतील तारेचा छेद दहा चौरस मिलिमीटरचा असल्याचे त्याने सांगितले. आत शॉक लागू न देणारा आरसीसीबी असल्याचीही त्याने ग्वाही दिली. इतर ठिकाणांपेक्षा किंमत बरीच कमी होती, आणि पक्के बिल हवे असल्यास जीएसटी वेगळा पडेल असे तो म्हणाला, तेव्हा वर्गणीचा पैसा वाचतो आहे या विचाराने मी साध्या चिठ्ठीवर व्यवहार केला. ती माझी मोठी चूक झाली.

आमचा हिशेब सरळ होता. पाचशे वॅटचे आठ हॅलोजन, म्हणजे ४००० वॅट. ध्वनियंत्रणेचे सुमारे २००० आणि सजावट व पंखे मिळून १५००. एकूण ७५०० वॅटला २३० व्होल्टने भागले की जवळपास ३३ अँपिअर येतात. बॉक्स ६३ चा असल्यामुळे निम्म्याच लोडवर आपण आहोत, असे आम्ही समजत होतो.

चौथ्या दिवशी संध्याकाळच्या आरतीच्या वेळी रंगमंचाखालून जळक्या प्लॅस्टिकचा वास येऊ लागला. गावातील परवानाधारक वायरमन आरतीलाच आलेले होते; त्यांनी धावत जाऊन मीटरजवळचा मुख्य स्विच पाडला. उरलेली वीस मीटर केबल आम्ही वेटोळे करून रंगमंचाखाली सरकवली होती आणि त्या वेटोळ्याचे आतले फेरे एकमेकांना चिकटले होते. गुंडाळलेल्या केबलची उष्णता बाहेर पडत नाही, त्यामुळे ती नेहमी पूर्ण उलगडूनच वापरावी लागते, हे आम्हाला तेव्हा कळले. बॉक्समधील एमसीबी, म्हणजे लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, मात्र शेवटपर्यंत पडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी वायरमनकाकांनी झाकण उघडले आणि एकेक गोष्ट दाखवली. केबलचे वरचे आवरण जाडजूड होते, पण आतील तार जेमतेम अडीच चौरस मिलिमीटरची होती. त्यांनी ब्लेडने एक तंतू खरवडला, तेव्हा तांबूस मुलामा निघून आतून पांढरे अ‍ॅल्युमिनियम दिसले. शुद्ध तांब्याची अडीचची तार साधारण २० ते २५ अँपिअर वाहून नेते. मुलाम्याची तार त्याहूनही कमी. तिच्यातून आम्ही ३३ अँपिअर ओढत होतो आणि तिच्या रक्षणासाठी बसवलेला एमसीबी होता ६३ चा. त्याच्या दृष्टीने ३३ हा जास्तीचा लोड नव्हताच, मग तो पडेल कसा? एमसीबीचा आकडा तारेच्या क्षमतेपेक्षा मोठा असेल, तर तार जळेपर्यंत तो शांत राहतो. खरे म्हणजे ६३ अँपिअरसाठी तांब्याची साधारण १६ ची केबल लागते, त्यामुळे दुकानदाराचे ‘दहा’ हे बोलणे खरे असते तरी ते पुरेसे नव्हते.

ज्याला तो आरसीसीबी म्हणत होता, तो नुसता दोन पोलचा आयसोलेटर, म्हणजे हाताने चालू-बंद करण्याचा साधा स्विच निघाला. दिसायला दोन्ही सारखेच असतात. पण आरसीसीबीवर चाचणीचे ‘टी’ बटण असते आणि माणसाच्या रक्षणासाठीचा असेल तर ३० मिलिअँपिअर असे छापलेले असते. यावर दोन्हीही नव्हते. केबलमधील अर्थिंगची हिरवी तार तर ग्लँडच्या, म्हणजे केबल पेटीत शिरते त्या तोंडाच्या, आतच कापून सोडून दिलेली होती, पत्र्याच्या पेटीला ती कुठेही जोडलेली नव्हती. त्या पेटीजवळ ओल्या जमिनीवर मुले रोज अनवाणी खेळत होती, हे आठवले की आजही माझी झोप उडते.

दुकानदाराकडे गेलो, तर ‘लोड तुम्हीच जास्त टाकला’ असे त्याचे उत्तर होते. ६३ हा आकडा कुठून आला, असे विचारल्यावर त्याने सोळाचे चार सॉकेट मोजून दाखवले: चार सोळे चौसष्ट! सॉकेटांची बेरीज म्हणजे बॉक्सची क्षमता नव्हे; प्लग, केबल, मुख्य एमसीबी आणि जोडण्या यांतील सर्वांत दुबळी वस्तू जेवढे पेलते, तेवढीच त्या बॉक्सची क्षमता असते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आम्ही तक्रार नोंदवली आहे, परंतु पक्के बिल नसल्यामुळे आमची बाजू लंगडी पडते आहे.

यंदा वायरमनकाकांकडून दोन लहान बॉक्स बनवून घेतले असून लोड त्यांत विभागला आहे. प्रत्येकात ३२ चा मुख्य एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, तांब्याची सहाची तीन कोअर केबल आणि प्रत्येक सॉकेटला स्वतंत्र १६ चा एमसीबी आहे. केबलवरील आयएसआय चिन्हाखालचा परवाना क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपवर दुकानातच तपासला आणि टोकाची तार खरवडून पाहू का, असे विचारले, तेव्हा त्या दुकानदाराने काहीही न बोलता गल्ल्यातून ब्लेड काढून दिले. जुना बॉक्स जोडण्या तोडून, झाकण उघडे ठेवून मंडळाच्या खोलीत ठेवला आहे. आजूबाजूच्या मंडळांची मुले येऊन तो पाहून जातात.