जुनं भवन की कर्तव्य भवन? दिल्लीत प्रतिनियुक्तीवर येणाऱ्यांसाठी

प्रतिनियुक्तीसाठी दोन खात्यांकडून विचारणा आली की माणूस आधी खातं बघतो, मग सचिव कोण आहे याची चौकशी करतो आणि शेवटी मुलांच्या शाळेचा विचार करतो. ऑफिस कोणत्या इमारतीत आहे हे सहसा कोणी विचारत नाही. माझ्या मते तोही प्रश्न विचारावा, आणि जमल्यास लवकर विचारावा. मी आधी एका जुन्या भवनात काम केलं. पुढे दोन पर्याय समोर आले तेव्हा कर्तव्य भवन या केंद्राच्या मंत्रालयांसाठी बांधलेल्या नव्या संकुलातलं खातं निवडलं. ते का, ते सांगतो. अनुभव एकट्याचा आहे, तेवढं धरून वाचा.

मुंबईहून येणाऱ्याला मंत्रालयाची सवय असते. वित्त, विधी, सामान्य प्रशासन ही सगळी खाती त्याच इमारतीत किंवा आसपास. अभिप्राय अडला की दोन मजले चढायचे, कार्यासन अधिकाऱ्यासमोर खुर्ची ओढून बसायचं आणि विषय संपवायचा. (अर्थात तिथेही बरीच कार्यालयं शहरभर विखुरलेली आहेतच. नरिमन पॉइंटची एअर इंडियाची इमारत 1,601 कोटींना घ्यायचं राज्य सरकारने ठरवलं, ते त्याच दुखण्यावरचं औषध.) दिल्लीत मात्र मी जुन्या भवनात होतो तेव्हा केंद्राची मंत्रालयं विखुरलेली होती: नॉर्थ ब्लॉक रायसीनाच्या टेकडीवर, शास्त्री भवन आणि कृषी भवन कर्तव्यपथाच्या एका अंगाला, निर्माण भवन आणि उद्योग भवन दुसऱ्या अंगाला. शिवाय काही कार्यालयं भाड्याच्या जागांत. नकाशावर ही अंतरं काहीच वाटत नाहीत. मे महिन्यात दुपारी अडीच वाजता मात्र ती चांगलीच जाणवतात.

जुन्या भवनांची बाजू आधी मांडतो, कारण ती खरोखर भक्कम आहे. अवर सचिवालाही स्वतःची खोली, खोलीला दार. गोपनीय नस्ती (फाईल) उघडायची असो की घरी फोन करायचा असो, दार लावून घेतलं की झालं. बाहेर जुनी झाडं, फाटकापाशी फळांची गाडी, विभागीय कँटीनमध्ये स्वस्त चहा. इमारत जुनी झाली की माणसं तिला वळण लावून घेतात, तशी ती लागलेली असते. कोणत्या लिफ्टची वाट बघायची नाही हे दुसऱ्या आठवड्यात कळतंच. व्हरांड्यात ओळीने उभी लोखंडी कपाटं, खिडकीतून ठिबकणारा एसी आणि खिडकी उघडी राहिली तर टेबलावर येऊन बसणारं माकड, यांचीही सवय होते. माकडाचीसुद्धा.

मला सवय झाली नाही ती एकाच गोष्टीची: दुसऱ्या खात्याकडून परत आलेल्या नस्तीवरचा 'चर्चा करावी' हा शेरा.

ई-ऑफिस ही संगणकावरची प्रणाली आल्यापासून नस्ती एका क्षणात इकडून तिकडे जाते, हे खरं. पण मंत्रिमंडळ टिपणी, म्हणजे मंत्रिमंडळापुढे जाणारा प्रस्ताव असेल तर तीन-चार मंत्रालयांचे अभिप्राय लागतात, आणि त्यातलं एक तरी मंत्रालय अडतंच. अडतं बहुधा एखाद्या शब्दावर किंवा तक्त्यातल्या एका रकान्यावर. समोरचा अधिकारी चांगला असतो, त्यालाही नस्ती संपवायचीच असते. मग तो लिहितो, चर्चा करावी. फोनवर ती चर्चा होत नाही, कारण दोघांनाही एकच कागद समोर ठेवून बोट दाखवायचं असतं. मग वेळ घ्या, गाडी मागवा, गाडी नसेल तर चालत कर्तव्यपथ ओलांडा, स्वागतकक्षात थांबा, आत गेल्यावर कळतं की साहेबांना वरून बोलावणं आलंय. दहा मिनिटांच्या बोलण्याला अर्धा दिवस. आणि तो रकाना दुरुस्त केला की तिसरं मंत्रालय म्हणतं, बदललेली टिपणी आम्हाला पुन्हा दाखवा.

6 ऑगस्ट 2025 रोजी कर्तव्य भवन-3 चं उद्घाटन झालं, तेव्हा पंतप्रधानांनी दोन आकडे सांगितले होते. दिल्लीतल्या मंत्रालयांच्या जागांचं भाडं वर्षाला सुमारे 1,500 कोटी, आणि एका मंत्रालयातून दुसऱ्यात रोज ये-जा करणारे आठ ते दहा हजार कर्मचारी. भाड्याचा आकडा बातम्यांत जास्त गाजला. मला दुसरा जास्त पटला, कारण त्या हजारांत मीही होतो.

गृह आणि कार्मिक नॉर्थ ब्लॉकमधून, पेट्रोलियम शास्त्री भवनातून, ग्रामविकास कृषी भवनातून, शिवाय परराष्ट्र आणि सूक्ष्म-लघु उद्योग, एवढी खाती या एका इमारतीत नेमून दिली गेली. 45 माणसं बसतील अशा 24 बैठकीच्या खोल्या आहेत. ज्याने समितीकक्षाच्या आरक्षणासाठी दुसऱ्या खात्याच्या प्रशासन शाखेची मनधरणी केली आहे, त्याला या आकड्याचं मोल कळेल. वीज 30 टक्के कमी लागावी अशी रचना, छतावर सौर पटल, सांडपाण्यावर तिथेच प्रक्रिया, हे सगळं तुम्ही वाचलेलंच असेल. मला रोज जाणवतं ते एवढंच की दुहेरी काचेमुळे रस्ता ऐकू येत नाही आणि प्रत्येक खोलीचं हवामान वेगळं नसतं.

उणी बाजूही आहे. केंद्रीय सचिवालय सेवेतल्या अधिकाऱ्यांच्या संघटनेने ऑगस्ट 2025 मध्येच तक्रार केली की आधी खोली असलेल्यांना आता खुल्या दालनात बसवलं जातंय, जागा अपुरी आहे, आणि गोपनीय काम अशा ठिकाणी कसं करायचं? तक्रार रास्त आहे. तुमच्याकडे दक्षतेची किंवा सेवाविषयक प्रकरणं येणार असतील, तर बसायची व्यवस्था काय हे रुजू होण्याआधी विचारून घ्या. अशा कामाला दार लागतंच, आणि तेवढ्यासाठी कोणी जुनं भवन निवडलं तर मी त्याला वेडा म्हणणार नाही.

पण तुमचं काम चार खात्यांच्या संमतीवर चालणारं असेल, आणि केंद्रात बहुतेक काम तसंच असतं, तर मला वाटतं नव्या बाजूचं पारडं जड आहे. 'चर्चा करावी' हा शेरा आता वाचला की मी लिफ्टकडे जातो. चर्चा करायची ती व्यक्ती याच इमारतीत असेल तर विषय त्याच दुपारी सुटतो. सगळी खाती अजून एकत्र आलेली नाहीत, त्यामुळे काही वेळा उन्हात जावं लागतंच. ज्या दोन-तीन खात्यांशी तुमचा रोजचा संबंध येणार आहे ती कुठे बसतात, एवढी चौकशी आधी करा.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. शास्त्री, कृषी, उद्योग, निर्माण ही भवनं पाडून तिथे नवी बांधायची योजना आहे. तोवर तिथली खाती तात्पुरत्या जागांत हलवायची आहेत. म्हणजे आज दार असलेल्या खोलीच्या ओढीने जुनं भवन घेतलंत, तर तुमच्याच कार्यकाळात खोकी बांधायची वेळ येऊ शकते.

जेवणाचं म्हणाल तर कस्तुरबा गांधी मार्गावरचं महाराष्ट्र सदन दोन्हीकडून फार लांब नाही. आणि सरकारी घराचा अर्ज रुजू झाल्याच्या दिवशीच भरा. त्या यादीत तुमचं ऑफिस कोणत्या भवनात आहे हे कोणी बघत नाही.