पिस्टनवर ०४०, बिलावर ०२०: जुन्या पिकअपच्या कामात गेलेले २,६७,३०० रुपये

आकडे आधी देतो. इंजिन ९२,०००. पत्रा आणि रंग ६४,०००. ‘व्हीए’ (व्हिंटेज गाडीची) नोंदणी ४५,०००. डिस्क ब्रेकच्या किटचा अ‍ॅडव्हान्स ३८,५००. वायरिंग २७,८००. एकूण २,६७,३०० रुपये जुन्या गाड्यांची कामं घेणाऱ्या एका माणसाने पाच महिन्यांत माझ्याकडून नेले. त्याबदल्यात मिळालं ते रंग चोपडलेलं जुनंच इंजिन. तक्रार चालू असल्यामुळे त्याचं नाव लिहीत नाही. पण तो अजून धंद्यात आहे, आणि गोव्यात जुन्या गाड्यांचा नाद असलेल्यांच्या घरी तो आपणहून पोचतो, म्हणून हे लिहितोय.

गाडी विलीजची १९५२ची पिकअप. चार सिलेंडरचं हरिकेन इंजिन, २.२ लिटर, ६ व्होल्टचं वायरिंग, चारही चाकांना ड्रम ब्रेक, गोव्याच्या जुन्या जीडी मालिकेतला नोंदणी नंबर. काम घरच्या शेडमध्येच चाललं होतं. स्प्रिंगचे पाटे उतरवून बुश आणि शॅकल बदलले होते, हौद्याचा तळ खरवडून रेड ऑक्साइड मारलं होतं. घरी होत नाही तेवढंच बाहेर द्यायचं होतं: ब्लॉकचं बोरिंग (झिजलेले सिलेंडर आतून कापून मोठे करणं), क्रँक ग्राइंडिंग, कॅबच्या खालच्या पत्र्याचं वेल्डिंग. मापं घ्यायला फिलर गेज आणि मायक्रोमीटर माझ्याकडे आहेत आणि ते वापरता येतात. हे मुद्दाम सांगतोय, कारण भेटेल तो विचारतो, ‘तुला कसं कळलं नाही?’ कळलं होतं. दोन मिनिटं का होईना, हातात धरून कळलं होतं.

इंजिन टेम्पोत घालून नेताना तो म्हणाला, ब्लॉक चोर्ला घाटाने बेळगावला जाईल, तिथल्या मशीन शॉपमध्ये बोर होईल. २६ दिवसांनी इंजिन परत आलं. बिल असं: रीबोर ०२०, नवे पिस्टन आणि रिंगा ०२०, क्रँक ग्राइंडिंग, मेन आणि बिग एंड बेअरिंग, व्हॉल्व्ह ग्राइंडिंग. सोबत प्लास्टिकच्या पिशवीत चार जुने पिस्टन. ‘पात्रांव, जुना माल मोजून घ्या,’ म्हणाला. जुने पार्ट परत देतो तो मेकॅनिक प्रामाणिक, हे आपण सगळेच धरून चालतो. त्यालाही ते ठाऊक होतं.

एक पिस्टन मी उचलला. डोक्यावर कार्बनचा काळा थर होता. रॉकेलच्या फडक्याने पुसला आणि खाली ठोकलेला आकडा वर आला: ०४०.

ज्यांनी बोरिंग करून घेतलंय त्यांना पुढचं सांगायला नको, तरी लिहितो. या इंजिनाचा मूळ बोर (सिलेंडरचा आतला व्यास) ३ १/८ इंच, म्हणजे ७९.३७ मिलिमीटर. ०२० म्हणजे त्याहून सुमारे अर्धा मिलिमीटर मोठा, ०४० म्हणजे एक मिलिमीटर मोठा. बोर वाढत जातो, कमी होत नाही. माझ्या इंजिनातून ०४०चे पिस्टन निघाले असतील, तर त्याच ब्लॉकमध्ये नवे ०२०चे बसणारच नाहीत, आत खडखडतील. नवे लायनर (सिलेंडरच्या आतल्या नळ्या) ठोकून बोर परत लहान करता येतो, पण मग बिलावर लायनर हवेत, आणि ते नव्हते. म्हणजे एक तर ते पिस्टन माझे नव्हते, किंवा बिल खोटं होतं. तिसरा अर्थच निघत नाही.

मी विचारलं, ‘हे ०४० कसं?’ तो म्हणाला, ‘कंपनीचा कास्टिंग नंबर तो.’ आणि मी पिस्टन परत पिशवीत टाकला. कास्टिंग नंबर (ओतकामातच उठवलेला आकडा) असा डोक्यावर पंचाने ठोकलेला नसतो, हे मला माहीत आहे. पण इंजिन चेन ब्लॉकला लटकत होतं, बसवायला आलेली तीन माणसं उभी होती, चवथ चार दिवसांवर आली होती आणि ९२ पैकी ७० हजार आधीच दिलेले होते. अशा वेळी माणूस समोरच्याच्या बोलण्यात आधार शोधतो. मी तो घेतला. उरलेले २२,००० तिथेच दिले. आज सगळ्यात जास्त जळफळाट होतो तो या २२,०००चा.

इंजिन सुरू झालं. पाऊण तासात सायलेन्सरमधून निळा धूर. दोन आणि तीन नंबरचे प्लग तेलाने ओले. कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) घेतलं: ८५, ६०, ६५, ८०. या इंजिनाला १२० पीएसआयच्या आसपास हवं, आणि सिलेंडरांत दहा टक्क्यांहून जास्त फरक नको. प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून पुन्हा घेतलं, तर दोन नंबर ६०वरून १०५वर गेला. तेलाने कॉम्प्रेशन वाढलं की दोष रिंगा-बोरचा. वाढलं नसतं तर व्हॉल्व्ह. ही तपासणी दहा मिनिटांची आहे. ‘नवीन केलेलं’ कुठलंही इंजिन, ते सुरू होईल अशा अवस्थेत बघितल्याशिवाय आणि ही तपासणी केल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

हेड काढलं. (हे इंजिन पहिल्यांदा उघडणाऱ्यांसाठी: एक हेड बोल्ट कार्बोरेटरच्या खाली दडलेला असतो. तो राहिला की हेड हलत नाही, लोक पहार घालतात आणि कास्टिंग फोडतात.) प्रत्येक सिलेंडरच्या वरच्या टोकाला कड होती, नख अडकेल एवढी. रिंग वर जिथपर्यंत जाते तिथपर्यंत बोर झिजतो, त्याच्या वरचा भाग झिजत नाही, म्हणून ती कड राहते. बोरिंग झालं असतं तर ती पहिल्याच फेरीत गेली असती. जुन्या रिंगांच्या कडा झिजून गोल झालेल्या असतात, म्हणून त्या चालून जातात. नव्या रिंगेचा कोपरा चौकोनी असतो, तो दर फेरीला त्या कडेवर आदळतो. तीन नंबरची वरची रिंग अशीच तुटून दोन तुकडे झाली होती. पिस्टनवर तारेच्या ब्रशचे ओरखडे, आणि ठोकलेला आकडा ०२०.

म्हणजे कधी तरी आधीच्या मालकाने ०२० करून घेतलेलं इंजिन. रिंगा तेवढ्या नव्या लावून माझेच पिस्टन घासून त्याने परत घातले, बिलावर मुद्दाम ०२० लिहिलं, म्हणजे कोणी उघडलं तरी आकडा जुळावा. आणि ‘जुने’ म्हणून दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचं भंगार माझ्या हातात दिलं. क्रँकला ग्राइंडर लागलाच नव्हता. बेअरिंग जुनीच, पुसून लावलेली.

बेळगाव असो, कोल्हापूर असो, मशीन शॉप चिठ्ठी देतं. चार सिलेंडरांचे आधीचे आणि नंतरचे माप, क्रँकचं माप. ती चिठ्ठी मूळ मागा, फोनवरचा फोटो नको. ब्लॉक देण्याआधी आतल्या एखाद्या कोपऱ्यात पंचाने खूण करा, पिस्टनच्या आतल्या बाजूलाही. मी फक्त इंजिन नंबरचा फोटो काढला होता, आणि इंजिन बदललेलं नव्हतंच.

वायरिंगचं थोडक्यात. ६ व्होल्टची गाडी १२वर नेताना जुना स्टार्टर चालून जातो, तारा जाड असतात म्हणून त्याही चालतात. पण कॉइल, बल्ब आणि हॉर्न बदलावे लागतात, पेट्रोलच्या काट्याला व्होल्टेज कमी करणारा तुकडा लावावा लागतो आणि डायनामोच्या जागी अल्टरनेटर. २७,८०० घेऊन त्याने बॅटरी आणि अल्टरनेटर बदलला. कॉइल ६ व्होल्टची तशीच ठेवून वर काळी टेप गुंडाळली, मध्ये रेझिस्टरही नाही. दोन दिवसांत इग्निशनचे पॉइंट जळले आणि पेट्रोलचा काटा कायमचा ‘फुल’वर गेला. टेप दिसली की सोडवून बघा.

पत्र्याचं काम उघडं पडलं ते लोहचुंबकाने. ड्रायव्हरच्या बाजूला कॅबच्या कोपऱ्यावर चुंबक ठेवला तर सरळ खाली पडला. स्क्रू ड्रायव्हरने खरवडलं: वर रंग, खाली सुमारे १२ मिलिमीटर जाड लांबी (खड्डे भरायची पुटी), तिच्या आत कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी, आणि जाळीमागे कुजलेला पत्रा होता तसाच. लांबी ३ मिलिमीटरच्या वर भरायचीच नसते. ती पाणी पिते. गोव्याच्या खाऱ्या वाऱ्यात आणि पावसाळ्यात तिच्यामागे गंज भराभर चढतो. दोन महिन्यांत रंगाला फोड आले ते म्हणूनच. पत्र्याचे पैसे टप्प्याटप्प्याने द्या: कुजलेला भाग कापल्यावर उघडा पत्रा डोळ्यांनी बघून, नवा पत्रा जोडल्यावर, मग एपॉक्सी प्रायमरवर. सँड ब्लास्टिंग केलेला भाग आपल्याकडच्या हवेत रात्रभर उघडा ठेवला तर सकाळी पिवळा पडतो, प्रायमर त्याच दिवशी लागला पाहिजे. जो म्हणतो ‘रंग झाला की या बघायला’, त्याला गाडी देऊ नका.

डिस्क ब्रेकचं किट आलंच नाही. पण तो खोटं बोलतोय हे तिथेही कळायला हवं होतं. ‘मास्टर सिलेंडर आहे तोच चालेल,’ असं तो म्हणाला होता. विलीजचा मास्टर सिलेंडर पायाखाली, फळीच्या खाली असतो, कॅलिपरपेक्षा (डिस्कला पॅड दाबणाऱ्या चिमट्यापेक्षा) खालच्या पातळीवर. तिथे लाइनमध्ये २ पीएसआयचा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह लागतो, नाही तर तेल मागे उतरतं आणि पहिलं पेडल पोकळ जातं. ड्रमसाठी असलेला साधारण १० पीएसआयचा व्हॉल्व्ह तसाच राहिला तर पॅड डिस्कला घासत राहतात. ज्याने हे काम एकदा जरी केलंय तो हा विषय स्वतः काढतो. ज्याच्या तोंडी फक्त ‘बूस्टर लावू, मस्त लागेल’ असतं, त्याला अ‍ॅडव्हान्स देऊ नका.

आता ‘व्हीए’चे ४५,०००. जुलै २०२१मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली गाडी. नव्या नोंदणीची फी २०,०००, पुनर्नोंदणीची ५,०००, मुदत दहा वर्षं. व्हीए अक्षरांचा नंबर नव्याने नोंदणी होणाऱ्या गाड्यांना मिळतो. आधीच नोंदणी असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. माझा जीडी नंबर होताच! जे मला लागतच नव्हतं ते त्याने ४५,०००ला विकलं. शिवाय चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेली गाडी या व्याख्येत बसत नाही. एका हाताने इंजिन आणि ब्रेक ‘अपग्रेड’ करायला सांगणारा आणि दुसऱ्या हाताने व्हिंटेज नोंदणी विकणारा माणूस दोन्हीकडे खोटं बोलत असतो. आधी ठरवा: मूळ गाडी हवी की रोज चालवायची. व्हिंटेज नोंदणीवर ती रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती, अशाच कामांसाठी रस्त्यावर काढता येते.

या कामासाठी त्याने मूळ आरसी बुक नेलं आणि फॉर्म २९ आणि ३०वर माझ्या कोऱ्या सह्या घेतल्या. नोंदणीचा अर्ज फॉर्म २०वर असतो. २९ आणि ३० मालकी बदलण्याचे फॉर्म. तेव्हा ‘सगळा सेट लागतो’ म्हणाला आणि मी चार पानांवर सही केली. त्याने पाठवलेला अर्ज क्रमांक परिवहनच्या संकेतस्थळावर घातला तर असा अर्जच नाही.

पोलीस ठाण्यात पाच वेळा गेलो. पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला होते. दुसऱ्यांदा ‘हा दिवाणी मामला, वकील बघा’. तिसऱ्यांदा त्यांनी त्याला फोन केला आणि त्याच रात्री त्याने मला यूपीआयने १०,००० पाठवले. त्या दहा हजारांनी माझा घात केला, कारण चौथ्यांदा उत्तर आलं, ‘देतोय ना तो हळूहळू? मग फसवणूक कसली?’ पाचव्यांदा पिस्टन टेबलावर ठेवले. हवालदाराने एक उचलून बघितला आणि विचारलं, ‘हे चालू आहेत ना?’ ०२० आणि ०४० त्यांना कागदावर आकृती काढून समजावलं. कागद माझ्याकडेच परत आला. आरटीओत डुप्लिकेट आरसीसाठी गेलो तर ‘फॉर्म २६ला पोलिसांचा कागद जोडा’. पोलीस म्हणतात, आरसी हरवलेलं नाही, तुम्ही स्वतः दिलंय, हरवल्याचा दाखला कसा देऊ? चोरीही नाही, हरवणंही नाही, फसवणूकही नाही. मग माझं बुक त्याच्या कपाटात आहे त्याला नाव काय? आरटीओच्या खिडकीवर सांगितलं, निदान या गाडीची मालकी बदलू नका एवढी नोंद तरी करा. अर्जावर आवकचा शिक्का मिळायला तीन फेऱ्या लागल्या. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, तिथे सांगितलं, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. बँकेनेही तेच ऐकवलं.

ठाण्यात घेत नसतील तर वाद घालत बसू नका, मी त्यात सात आठवडे घालवले. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८खाली फसवणुकीची तक्रार लेखी करा. ई-मेलने दिलीत तर तीन दिवसांत जाऊन सही करा. गुन्हा नोंदवला नाही तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना रजिस्टर्ड पोस्टाने, आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही. तिथे मात्र पक्कं बिल विचारतात. माझं लेटरहेडवरचं कच्चं आहे, जीएसटी नंबर नाही, म्हणून यूपीआयच्या नोंदी आणि त्याचे मेसेज जोडलेत. त्याने मध्येच थोडे पैसे पाठवले तर ‘एकूण रकमेपैकी अंशतः परतफेड, तक्रार कायम’ असं लगेच लेखी कळवा.

ब्लॉक आता मी स्वतः बेळगावला नेला, मशीनसमोर उभा राहिलो, ०४० करून चिठ्ठी घेऊन आलो. ते चार पिस्टन आणि तुटलेली रिंग आयोगात दाखवायला ठेवली आहे.

आणि जीडी नंबरच्या विलीज पिकअपचं आरसी बुक आणि सही केलेले फॉर्म २९-३० घेऊन कोणी गाडी किंवा नुसता नंबर विकायला आला, तर टोकन देऊ नका. चेसी नंबर गाडीवर स्वतः वाचा आणि बुकात ज्याचं नाव आहे त्याला समोर बोलवायला सांगा. माझी गाडी माझ्याच शेडमध्ये उभी आहे आणि ती विकायची नाही.